मनाचं नवीकरण आणि मेंदूचं शास्त्र, हे एकच आहे का?

छावणीवाली

जय ख्रिस्त मंडळी, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार. इथे नेहमी वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमच्या मंडळीत (इंदूर) शनिवारी संध्याकाळी तरुण संघाचा बायबल अभ्यास असतो, तो मी घेते. निम्मी पोरं कोचिंगवाली, निम्मी नुकती नोकरीला लागलेली. सध्या बायबलमधल्या, प्रेषित पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय चालू आहे आणि आम्ही दुसऱ्या वचनावरच अडकलोय, 'या युगाबरोबर समरूप होऊ नका, तर आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या'. झालं असं की मध्यंतरी बाहेरगावचे एक वक्ते येऊन गेले, त्यांनी पडद्यावर मेंदूची रंगीत चित्रं दाखवली आणि म्हणाले की पौलाचं हे वचन आता सायन्सनी सिद्ध केलंय, एकवीस दिवस चांगले विचार करा, जुन्या तारा तुटतात, नव्या जुळतात, चिंता नैराश्य सगळं जातं. पोरं एकदम खूश, वहीत लिहून घेतलं सगळ्यांनी.

त्यातल्या एका मुलीनं डिप्रेशनच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. घरी सांगितलं नाही, मला नाही, डॉक्टरांना नाही. तिच्या आईच्या लक्षात आलं म्हणून निभावलं, आता परत औषध सुरू आहे आणि बरी आहे. पण माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

मेंदू बदलतो म्हणतात ते कितपत खरं? पौल म्हणतो तेच का ते? आणि येत्या शनिवारी परत तोच अध्याय आहे, पोरांसमोर काय बोलू? मला वचन पण सोडायचं नाही आणि खोटं पण सांगायचं नाही.

भियाजी

ओ ताई, एकवीस दिवसांत आपल्या इंदूरात रस्त्याचं खोदकाम पुरं होत नाही, मेंदूचं कुठून होणार.

बाकी त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. जाणकार येतीलच, मी वाचतोय.

बडोदेकरीण

मी बडोद्याला फिजिऑलॉजी शिकवते. ख्रिस्ती नाही, तेव्हा वचनाबद्दल तुम्हीच बोला, मी मेंदूपुरतं लिहिते.

मेंदू बदलतो हे शंभर टक्के खरं. १९४९ मध्ये हेब नावाच्या कॅनेडियन शास्त्रज्ञानं मांडलं की दोन चेतापेशी पुन्हा पुन्हा एकत्र काम करत राहिल्या की त्यांच्यातला जोड पक्का होतो. तेव्हा तो तर्क होता. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या मेंदूत तो जोड पक्का होऊन तासन् तास तसाच राहतो हे मोजून दाखवलं. पुढे कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर काम करून आठवण तयार होताना पेशीत काय घडतं ते उलगडलं, त्याला २००० सालचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी लंडनच्या टॅक्सीवाल्यांचा अभ्यास आला, हजारो गल्ल्या पाठ करणाऱ्या त्या ड्रायव्हरांच्या हिप्पोकॅम्पसचा (आठवण आणि रस्ते लक्षात ठेवणारा मेंदूतला भाग) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. म्हणजे मोठ्या माणसाचा मेंदूही घडत राहतो.

आता वक्त्यांनी जे सांगितलं नाही ते. २००४ मध्ये जर्मनीत काही लोकांना तीन चेंडू हवेत झेलायला शिकवलं, तीन महिन्यांनी एमआरआय काढला तर हालचाल टिपणारा भाग थोडा वाढलेला. मग सराव बंद करायला लावला, तर पुढच्या तीन महिन्यांत ती वाढ ओसरायला लागली. एकदा बदलला की कायमचा, असं काही नसतं.

आणि 'जुन्या तारा तुटतात' हे तर फारच ढोबळ झालं. भीती घालवायचे जेवढे प्रयोग झालेत त्यात दिसतं की जुनी भीती बहुतेक वेळा पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवं शिकणं उभं राहतं आणि ते तिला दाबून धरतं. ताण आला, जुनी जागा दिसली, की जुनं परत डोकं वर काढतं. हे पावलोव्हलाही त्याच्या कुत्र्यांत दिसलं होतं. म्हणून बरं झालेल्या माणसाला पुन्हा त्रास झाला तर तो त्याच्या प्रयत्नातला किंवा श्रद्धेतला कमीपणा समजू नये, एवढं मला कळकळीनं सांगायचंय.

एकवीस दिवस कुठून आले? १९६० च्या सुमारास माल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जननं लिहिलं की पेशंटला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी एकवीसेक दिवस लागतात. त्यातलं 'कमीत कमी' गळलं आणि चेहऱ्याच्या जागी सगळं आयुष्य आलं. लंडनमध्ये ९६ लोकांच्या सवयींचा अभ्यास झाला होता, साधी सवय, रोज एक फळ खाणं वगैरे. ती अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ पर्यंत.

छावणीवाली

बाप रे, किती छान लिहिलंत. 'श्रद्धेतला कमीपणा समजू नये' हे मी वहीत लिहून घेतलं.

तर्कट

बडोदेकरीण यांच्याशी सहमत, फक्त एक भर घालतो. मेंदू सरावानं बदलतो हे जेवढं प्रार्थनेला लागू तेवढंच मोबाईल गेमला लागू, जुगाराला लागू, द्वेषाचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड रोज सकाळी वाचण्याला लागू. त्या जोडणीला चांगलं वाईट कळत नाही, जे रोज कराल ते पक्कं होतं. तेव्हा 'सायन्सनी वचन सिद्ध केलं' याला काही अर्थ नाही. उद्या कुणी म्हणेल सायन्सनी तीनपत्ती सिद्ध केली.

विश्वासाने_उभा

तर्कट साहेब, तुमचा मुद्दा तुमच्या जागी बरोबर असेल पण आमची साक्ष पण ऐकून घ्या. मी पंधरा वर्षं पीत होतो, रोज. एका उपासनेत प्रभूनं मला धरलं आणि त्या रात्रीपासून आजतागायत थेंब नाही. ६६ दिवस नाही, २५४ नाही, एक रात्र. पवित्र आत्मा काय करू शकतो ते कुठल्या मशिनीत मावत नाही. तीताला पत्रात पण नवीकरण पवित्र आत्म्यानं केलेलं म्हटलंय, आपण घासून पुसून केलेलं नाही. ते वक्ते जरा जास्त बोलले असतील पण त्यांचा हेतू वाईट नव्हता एवढंच म्हणतो.

सिस्टर_मावशी

दादा तुमची साक्ष वाचून आनंद झाला, मनापासून. पण इथे तरुण पोरं वाचतात म्हणून नर्स म्हणून लिहिणं भाग आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका रात्रीत सोडली की काहींना दोन-तीन दिवसांत थरथर, भास, झटके येतात, जीव जाऊ शकतो. तुम्ही सुखरूप राहिलात ही कृपाच. दुसऱ्या कुणाला सांगताना 'सोड, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोड' असं पूर्ण वाक्य सांगा, तेवढं माझ्यासाठी करा.

आता मूळ प्रश्नाकडे. मी मनोरुग्ण विभागात नोकरी केली, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. गोळी बंद केलेले पेशंट किती पाहिले त्याची गणती नाही, आणि दरवेळी गोष्ट तीच. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मग माणसाला बरं वाटतं, बरं वाटलं की वाटतं आता कशाला गोळी, कुणीतरी वरून सांगतं विश्वास असेल तर गरज काय. बंद केल्यावर लगेच काही बिघडत नाही कधी कधी, म्हणून खरंच गरज नव्हती असं वाटतं. मग महिन्या-दोन महिन्यांनी माणूस परत खाली. आणि काहींना तर अचानक बंद केल्यानंच गरगरणं, झोप उडणं, डोक्यात करंट लागल्यासारखं होणं सुरू होतं. कमी करायची तर डॉक्टर हळूहळू उतरवतात.

बायबलमध्ये याला कुठे आडकाठी आहे? पौलाबरोबर लूक होता, त्याला तो 'प्रिय वैद्य' म्हणतो. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहितो, नुसती प्रार्थना कर म्हणत नाही. आणि एलीया बघा, पहिले राजे एकोणीस. झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला आधी वचन देत नाही, उपदेश करत नाही. झोपू देतो, दूत येऊन भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, परत खायला देतो. बोलणं त्याच्या नंतर. वॉर्डात नव्या पोरींना मी हा क्रम शिकवायचे, आधी झोप, खाणं, औषध, मग समजावणं.

लखनौला नूर मंझिल म्हणून मनोरुग्णांसाठी संस्था आहे, १९५० मध्ये स्टॅनली जोन्स यांनी सुरू केली. तेच जोन्स, जे देशभर सुवार्ता सांगत फिरले. ते स्वतः सुरुवातीच्या काळात मानसिक थकव्यानं पार कोलमडले होते. सुवार्तिकानं मनोरुग्णांचं हॉस्पिटल काढलं, मग आपल्याला कसला संकोच.

आणि कुणाला आत्ता या घडीला गरज असेल तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतं.

अहिल्यानगरी

सिस्टर मावशी, तो एलीयाचा भाग मी शंभर वेळा वाचला असेल पण असा क्रम लावून कधी वाचला नव्हता.

कोचिंग_चालू_आहे

मी छावणीवाली ताईंच्या ग्रुपमधलाच, नाव नाही सांगत. मला एक विचारायचंय, 'प्रत्येक विचार अंकित करा' असं आहे ना करिंथकरांत, तर मी घाणेरडे विचार, परीक्षेत नापास होण्याचे विचार दाबायला बघतो आणि ते दुप्पट येतात. प्रार्थनेला बसलो की तर अजूनच. मला वाटतं माझ्यातच काहीतरी खोट आहे.

बडोदेकरीण

@कोचिंग_चालू_आहे, तुझ्यात काही खोट नाही रे बाळा. १९८७ चा वेगनर यांचा प्रयोग आहे. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करू नका, आला तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. आणि नंतर जेव्हा मोकळीक दिली तेव्हा या दाबणाऱ्या लोकांना अस्वल इतरांपेक्षा जास्त आठवलं. विचार दाबायला गेलं की असंच होतं, सगळ्यांचं.

पण त्याच कामात पुढची पायरी आहे. काही जणांना सांगितलं की अस्वल आलं तर त्याऐवजी लाल फोक्सवॅगन गाडीचा विचार करा. त्यांच्यात नंतरची उसळी कमी झाली. म्हणजे हाकलून जागा रिकामी ठेवू नये, तिथे दुसरं काहीतरी आणून बसवावं. आणि तरी त्रास राहिला, तेच तेच विचार तासन् तास पिच्छा सोडत नसतील, तर त्याच्यावर चांगले उपचार आहेत, लाजू नकोस.

छावणीवाली

अहो, हे तर येशूनं सांगितलेलंच! मत्तय बाराव्या अध्यायात, अशुद्ध आत्मा घरातून निघून जातो, परत येतो तर घर रिकामं, झाडून सजवलेलं, मग तो आणखी सात जणांना घेऊन येतो. रिकामं ठेवलं हीच चूक. आणि पौल पण फिलिप्पैकरांस लिहिताना नुसतं 'वाईट विचार करू नका' म्हणत नाही, जे सत्य, जे न्याय्य, जे शुद्ध, त्याचं मनन करा म्हणतो. काहीतरी हातात देतो.

@कोचिंग_चालू_आहे, तू कोण आहेस ते मला विचारायचं नाही, पण शनिवारी संपल्यावर थांबावंसं वाटलं तर मी असतेच अर्धा तास.

रामबागचा_राम

धागा छान चाललाय. मी रामबागेतला, घरात समर्थांची परंपरा, लहानपणी संध्याकाळी परवचा आणि मनाचे श्लोक म्हटल्याशिवाय जेवायला मिळत नसे. मनाला समजावत, चुचकारत, दटावत राहायचं आणि रोज राहायचं, हे आमच्याकडे पण आहेच. नामस्मरणानं पण मेंदू बदलत असणारच. मग यात खास ख्रिस्ती काय? वाद घालायचा म्हणून विचारत नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

पेटीवाले_काका

रामराव, फार योग्य जागी बोट ठेवलंत. मी चर्चमध्ये पेटी वाजवतो, वय झालं पण अजून रविवारी मीच बसतो. माझ्या परीनं उत्तर देतो, ज्ञानी माणसं दुरुस्त करतील.

सराव काय करतो ते मला बोटांनी माहीत आहे. माझ्याकडे एक मुलगी शिकायला येते. कुठे तरी स्वतःच शिकून आली होती, वर जाताना तिसऱ्या बोटाखालून अंगठा न्यायच्या ऐवजी हात उचलून उडी मारायची. सूर लागायचा, पण दोन सुरांमध्ये फट पडायची आणि लय वाढली की गडबड. मी तिला वाजवू नको कधीच म्हटलं नाही. एकच ओळ, अगदी सावकाश, भाता अर्धाच दाबून, अंगठा खालून जातोय की नाही ते डोळ्यांनी बघत वाजवायला लावली. आठवडेच्या आठवडे तीच ओळ. कंटाळून रडली पण. आता हात आपोआप जातो. पण नाताळच्या उपासनेत चर्च भरलेलं, घाबरली, आणि हात जुन्या वळणावर गेला! बडोद्याच्या ताईंनी लिहिलंय ना, ताण आला की जुनं डोकं वर काढतं, ते मी प्रत्यक्ष बघितलंय. पुढच्या कडव्याला परत जागेवर आली, ते पण बघितलं.

तर सराव सगळ्यांचा सारखाच चालतो, तुमच्या मनाच्या श्लोकांचा आणि आमच्या स्तोत्रांचा. देवानं मेंदू एकाच पद्धतीचा दिलाय सगळ्यांना, त्यात ख्रिस्ती हिंदू काही नाही आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं. फरक आहे तो कुणासारखं व्हायचं यात. आमच्यासाठी ते येशूसारखं होणं आहे, आणि पौल जे सांगतो ते आज्ञेसारखं असलं तरी सुरुवात बाराव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात आहे, 'देवाच्या करुणेमुळे'. आधी करुणा मिळाली, म्हणून हे. सराव करून देवाला राजी करायचंय असं नाही. तो राजी आहेच, म्हणून सरावाला बसायचं. फिलिप्पैकरांस पत्रात पण दोन्ही एका दमात आहेत, तुम्ही आपलं तारण साधून घ्या, आणि साधवून घेणारा देव आहे.

विश्वासाने_उभा यांची एक रात्र आणि त्या मुलीचे आठवडे, दोन्ही त्याचंच काम मानतो मी.

रामबागचा_राम

काका, पटलं. सगळं नाही, पण कळलं नक्की. आणि त्या मुलीला सांगा वाजवत राहा.

भियाजी

काका शनिवारी सराफ्यात या, तुमच्यासाठी भुट्ट्याची कीस माझ्याकडून.

तर्कट

काकांचा प्रतिसाद आवडला. पण एक टोचतं. प्रार्थना करताना मेंदूचे फोटो काढून 'बघा देव दिसला' म्हणणारे लेख फिरतात त्याचं काय?

बडोदेकरीण

त्याला काही आधार नाही. २००६ मध्ये माँट्रियलला कार्मेलाइट नन्सना मशीनमध्ये झोपवून त्यांचा सगळ्यात खोल आध्यात्मिक अनुभव आठवायला सांगितलं होतं. मेंदूत देवाची अशी एक जागा वगैरे काही निघालं नाही, भावना, स्मृती, शरीराची जाणीव अशा अनेक भागांत हालचाल दिसली. त्याच वर्षी न्यूबर्ग यांनी अन्य भाषांत (म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेनं, स्वतःलाही न कळणाऱ्या शब्दांत) प्रार्थना करणाऱ्या पाच बायकांचे स्कॅन केले, त्यात पुढच्या भागातली हालचाल गाण्याच्या वेळेपेक्षा कमी दिसली. त्यांचा अनुभवही तसाच असतो, आपण बोलत नाही, बोलवलं जातंय. पण हे सगळं रक्तप्रवाहाचं मोजमाप. पलीकडे कोणी ऐकतंय की नाही हे ते यंत्र सांगू शकत नाही. हो पण नाही आणि नाही पण नाही. तेव्हा तर्कट, तुम्हालाही त्यातून काही पुरावा मिळत नाही बरं का.

तर्कट

मान्य आहे.

अहिल्यानगरी

मला इथे एक प्रश्न आहे, जरा अवघड. माझ्या आजीला स्मृतिभ्रंश आहे. मला ओळखत नाही, माझ्या बाबांना तिचा भाऊ समजते. आयुष्यभर मंडळीची सेवा केलेली बाई. आता नवीकरण म्हणजे मेंदूतली नवी जोडणी, असं जर म्हटलं तर तिची जोडणी रोज सुटतेय. मग तिचं नवीकरण पण सुटलं का? हे मला त्या वक्त्यांना विचारायचं होतं, धीर झाला नाही.

परवा पाळकसाहेब घरी आले होते. ती खिडकीकडे तोंड करून बसलेली, कुणाशी बोलत नव्हती. त्यांनी 'आपण प्रार्थना करू या' म्हटलं आणि आजीनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. तेविसावं स्तोत्र सुरू केल्यावर 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' पासून पुढे ती आमच्या आधी म्हणत होती. संपल्यावर मला म्हणाली, तू कोणाची गं?

सिस्टर_मावशी

बाळा, हे वॉर्डात खूपदा बघितलंय. लहानपणी पाठ झालेलं, गाऊन म्हटलेलं, ते पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतं, नावं आणि चेहरे आधी जातात. पण तुझा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. एक दिवस स्तोत्र पण जाईल. तेव्हासाठी दुसरं करिंथकरांस चार सोळा आहे ना, बाह्य देह क्षय पावत असला तरी अंतरात्मा दिवसेंदिवस नवा होतो. मेंदू हा देहच आहे. आजीला आता देवाची आठवण ठेवायची जबाबदारी नाही, तो तिची ठेवतोय. आणि मंडळी ठेवतेय, तू ठेवतेयस.

पेटीवाले_काका

सिस्टर, आमेन.

नगरी_माणूस

(अहिल्यानगरी ताई, माझं नगर ते मूळचं अहमदनगर, आता तेही अहिल्यानगर झालंय, तेव्हा आपली गल्लत होणार. मी इंदूरला क्रिश्चियन कॉलेजात शिकायला आलो आणि इथलाच झालो. हो, किशोरकुमारचंच कॉलेज, १८८७ चं.)

मला वाटतं सगळे जण पहिल्या अर्ध्या वाक्याला विसरलेत, 'या युगाबरोबर समरूप होऊ नका'. सगळी चर्चा चिंता, झोप, विचार यावर चाललीय. ते महत्त्वाचं आहेच. पण पौलाला जे मन बदलायला हवंय ते फक्त शांत नाही करायचंय. युगाचा जो साचा आहे, वर कोण खाली कोण, कुणाच्या हातचं चालतं, तो मोडायचाय.

आमच्या नगर भागातलं उदाहरण देतो. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्या बाईंनी सोवळंओवळं, जात, विटाळ हे सगळं स्वतःच्या मनाशी झगडून एकेक करून सोडलं, आणि ते त्यांनी किती मोकळेपणानं लिहून ठेवलंय. दुसऱ्याच्या हातचं पाणी पिणं हे डोक्याला पटणं वेगळं आणि घशाखाली उतरणं वेगळं. मला तर हे मनाच्या नवीकरणाचं मराठीतलं सगळ्यात खरं वर्णन वाटतं. आणि आज? आपल्याच मंडळ्यांत लग्न जुळवताना मूळ घराणं कुठलं ते हळूच विचारतात की नाही? त्याला कुठला एमआरआय नको, आपल्याला सगळं माहीत आहे.

विश्वासाने_उभा

नगरी भाऊ, हे खरं बोललात. माझ्या बहिणीच्या वेळेस अनुभवलंय, विश्वासातल्याच घराकडून. दारू सोडणं सोपं होतं म्हणेन, ती कटुता अजून पूर्ण गेलेली नाही. त्यासाठी मला पण रोज बसावं लागतं.

अक्षरवाट

उशिरा आले, सगळं वाचलं. छावणीवाली ताई, माझं ऐकाल तर शनिवारी दुसऱ्या वचनावर थांबू नका. अध्याय शेवटपर्यंत वाचा. दुसऱ्या वचनानंतर पौल मनाबद्दल समजावत बसत नाही, लगेच तिसऱ्यात म्हणतो स्वतःला वाजवीपेक्षा मोठं समजू नका, मग आपण एका शरीराचे अवयव, मग आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद, शोक करणाऱ्यांबरोबर शोक, पाहुणचार, छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, आणि शेवटी शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाल. मन नवं झालं की नाही हे पौल असं ओळखतो, माणूस दुसऱ्याशी कसा वागतो त्यावरून. 'मला आता छान वाटतं' हे त्या यादीत कुठेच नाही.

आणि यासाठी लांब जायला नको. सिस्टर राणी मारिया आपल्याच धर्मप्रांतातल्या, उदयनगरला आदिवासी आणि गरीब शेतकऱ्यांना सावकारीतून बाहेर काढायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. त्यांची धाकटी बहीण पण नन. २००२ मध्ये ती जेलमध्ये गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधून आली. घरच्यांनी माफ केलं, त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला, २००६ मध्ये तो सुटला. पश्चात्ताप झालेला माणूस आज त्यांचा भाऊ म्हणवतो. २०१७ मध्ये इथे इंदूरला राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा मी मैदानात होते. मधली सात वर्षं त्या बहिणीच्या मनात काय काय चाललं असेल? राखी बांधायला हात पुढे होईपर्यंत किती रात्री गेल्या असतील? मेंदू बदलला असेलच, बडोदेकरीण सांगतील कुठला भाग. पण कशासाठी बदलला हे बाराव्या अध्यायाच्या वीस आणि एकविसाव्या वचनात आहे.

बडोदेकरीण

कुठला भाग ते मी सांगणार नाही, सांगूही शकत नाही. इंदूरजवळची ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. धन्यवाद.

फक्त एक शास्त्रातलंच जोडते, मगाशी राहिलं. त्या ६६ दिवसांच्या अभ्यासात हे पण निघालं की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. एकवीस दिवसवाल्या योजनांमध्ये एक दिवस चुकला की पोरं सोडून देतात, परत पहिल्यापासून म्हणतात. त्यांना सांगा, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू करा.

कोचिंग_चालू_आहे

हे माझ्यासाठीच लिहिलंय वाटतं. थँक्यू.

छावणीवाली

सगळ्यांचे प्रतिसाद आईला पण वाचून दाखवले. काय बोलायचं ते आता ठरलंय.

मेंदू बदलतो, हे खरं आहे आणि देवाची देणगी आहे असं सांगीन. त्यानं वचन सिद्ध होत नाही आणि वचनाला त्याची गरज पण नाही, हेही. एकवीस दिवस फळ्यावर लिहून पुसून टाकीन. एलीयाचा भाग सिस्टर मावशींनी सांगितला त्याच क्रमानं घेईन. गोळ्यांबद्दल सरळ बोलणार, कुणाचं नाव न घेता, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी काही बंद करायचं नाही आणि ज्याला कुणी 'विश्वास कमी आहे' म्हटलं असेल त्यानं माझ्याकडे यायचं. मग अक्षरवाट म्हणतात तसं एकविसाव्या वचनापर्यंत वाचणार, आणि नगरी भाऊ, लग्नाचा विषय पण काढणार. त्यावरून दोन-चार आयांचे फोन येतील, येऊ देत.

सिस्टर मावशी, तुम्ही इंदूरातच आहात ना? शनिवारी याल का? औषधांचं माझ्यापेक्षा तुम्ही बोललात तर पोरं ऐकतील.

विश्वासाने_उभा

ताई, ते वक्ते माझ्या ओळखीचे आहेत. गोळ्यांचं त्यांना मी स्वतः फोन करून सांगतो, पुढच्या ठिकाणी असं बोलू नका म्हणून. शनिवारी मला पण यायला आवडेल, मागे बसेन.

सिस्टर_मावशी

येते की. पत्ता मेसेज कर. साडेपाचच्या आधी मला जमणार नाही, नातवाला क्लासवरून आणायचं असतं. आणि पोरांना आधीच सांगून ठेव, प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणा, नाव लिहायचं नाही, डबा मी घेऊन येते. समोर हात वर करून कुणी विचारत नाही गं हे असलं.